हृदयविकारातून उठताना मनाचीही काळजी घ्यावी

हृदयविकाराचा झटका आलेला माणूस इस्पितळातून घरी परतला की घरादाराला वाटते, संकट टळले. गाडी अंगणात थांबते, शेजारीपाजारी जमतात, कोणी नारळपाणी आणते, कोणी देवाचे आभार मानते. पुढे आठ-पंधरा दिवसांत येणारे-जाणारे कमी होतात. मग तो माणूस ओसरीवर खाटेवर एकटा बसलेला दिसतो. जेवण अर्धेच जाते, रात्री झोप लागत नाही, छातीवर सारखा हात जातो. शेताचा विषय काढला की तो मान फिरवतो. घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू." पुष्कळदा तो केवळ अशक्तपणा नसतो. रक्तवाहिनी डॉक्टरांनी मोकळी केलेली असते, पण मनाला बसलेला धक्का तसाच राहिलेला असतो. त्या धक्क्याकडे दुर्लक्ष झाले तर त्याचा त्रास पुन्हा हृदयालाच होतो. म्हणून या वेळी या विषयाची थोडी सविस्तर माहिती घेऊ.

हृदयाला काय होते?

हृदय हा एक स्नायू आहे. त्यालाही रक्त लागते आणि ते त्याला स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. या वाहिन्यांच्या आतल्या बाजूस वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एखादे दिवशी तो थर फाटतो, तेथे रक्ताची गुठळी बनते आणि वाट बंद होते. वाट बंद झाली की पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही व त्याचा काही भाग मरतो. यालाच आपण झटका म्हणतो. पुढील सहा ते आठ आठवड्यांत मेलेल्या भागाच्या जागी घट्ट वण तयार होतो, जसा विळा लागलेल्या बोटावर होतो. बाकीचा स्नायू शाबूत असतो व काम करीत राहतो. स्टेंट किंवा बायपास यांनी रक्ताची वाट मोकळी होते. परंतु थर साचण्याची मूळ प्रवृत्ती जात नाही. ती आटोक्यात ठेवण्याचे काम गोळ्या, आहार, चालणे व तंबाखूचा त्याग यांनीच होते, आणि ही चारही कामे रोग्याला स्वतः, रोजच्या रोज, घरी करावी लागतात. ज्याचे मन खचले आहे त्याच्या हातून ती होत नाहीत.

मनाला काय होते?

पहिली येते भीती. छातीत जराशी कळ आली, गॅस झाला, ढेकर अडकली तरी वाटते, पुन्हा तेच आले. बायपास झालेल्यांची छातीची हाडे व टाके कित्येक आठवडे दुखतात, त्यानेही जीव घाबरा होतो.

काहींच्या बाबतीत याच्या उलट घडते. ते म्हणतात, "मला काही झालेच नव्हते, डॉक्टरांनी उगीच भीती घातली." असा माणूस महिन्याभरात पाठीवर फवारणीचा पंप चढवतो आणि खिशात पुन्हा खर्ऱ्याची पुडी ठेवतो.

तिसरा असतो राग. "गावात एवढे पिणारे धडधाकट आहेत, मग मलाच का?" हा राग बहुधा बायकोवर व मुलांवर निघतो.

चौथी आणि सर्वांत चिवट असते उदासी. आपला आता काही उपयोग नाही, आपण घरावर ओझे झालो, हा विचार मनात घर करतो. आयुष्यभर मळ्यात राबलेल्या कास्तकाराला बसून खाणे हेच मोठे दुःख असते.

यांपैकी थोडे थोडे प्रत्येकालाच होते आणि दोन-तीन आठवड्यांत ते ओसरू लागते. उदासी मात्र दोन आठवड्यांहून अधिक दिवस रोज टिकली, पूर्वी ज्यात गोडी होती त्यातही मन लागेनासे झाले, झोप व भूक बिघडली, तर तो आजार समजावा. हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे पाच जणांपैकी एकाला असा उदासीचा आजार होतो. यात लाजण्यासारखे काही नाही आणि श्रद्धा कमी पडली असेही नाही. काही जण आजारपणाला देवाने केलेली शिक्षा समजतात. जन्मांधाविषयी शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता आणि प्रभूने तो समज दूर केला होता, हे योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. रोग्याच्या मनावर आधीच भार असतो, त्यात पापाच्या हिशेबाची भर घालू नये.

उदासी हृदयाला कशी बाधते?

कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात झटका आलेल्या 222 रोग्यांची पाहणी झाली व ती 1993 साली प्रसिद्ध झाली. ज्यांना उदासीचा आजार होता त्यांच्यात पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळले. पुढे अनेक देशांत असे अभ्यास झाले आणि 2014 साली अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने उदासीला अशा रोग्यांतील धोक्याचे कारण म्हणून मान्यता दिली.

असे का व्हावे? याची दोन कारणे आहेत. एक शरीरातले. मन सतत धास्तावलेले असले की शरीरात विशिष्ट द्रव्ये अधिक सुटतात, नाडी व रक्तदाब वाढतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. दुसरे कारण वागण्यातले. उदास माणूस गोळी चुकवतो, चालायला जात नाही, तपासणीची तारीख टाळतो आणि बिडी पुन्हा ओढू लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. 2003 साली अमेरिकेत सुमारे अडीच हजार रोग्यांवर झालेल्या प्रयोगात बोलून-समजावून केलेल्या मानसोपचाराने उदासी कमी झाली, परंतु मृत्यू व पुन्हा येणारे झटके त्याने कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणून मनाचा उपचार हा हृदयाच्या गोळ्यांऐवजी नव्हे, त्यांच्या जोडीने करायचा असतो. मन हलके झाले तर माणूस माणसासारखा जगतो, एवढा लाभही थोडा नव्हे.

गडचिरोलीच्या डॉक्टरांचा अनुभव

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या पूर्वेस, प्राणहिता ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून 'सर्च' संस्थेमार्फत खेड्यापाड्यांतील आरोग्याचे मोठे काम उभे केले. डॉ. अभय बंग यांना 1995 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्यांना आरोग्य शिकवणारा, दारूबंदीसाठी झटणारा हा डॉक्टर स्वतः रोगी म्हणून खाटेवर पडला. त्यातून उठताना त्यांनी आपल्या जगण्याची तपासणी केली: आहार कसा होता, व्यायाम किती होता, घाई व ताण किती होता, आपल्या माणसांना वेळ किती दिला. मग त्यांनी आहार बदलला. चालणे, योगासने व ध्यान यांना रोजच्या दिवसात जागा दिली. हा सर्व अनुभव त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात लिहिला. ते मराठीत घरोघरी वाचले गेले. शक्य असेल त्यांनी ते जरूर वाचावे.

यातून आपण एक धडा घ्यावा. शिकलेल्या डॉक्टरलाही नुसत्या माहितीने रोग टाळता आला नाही. त्यांनी रोजच्या सवयी बदलल्या तेव्हा बदल घडला. सवय उपदेशाने बदलत नाही. ती लहान लहान पावलांनी आणि घरच्यांच्या साथीने बदलते.

भीती जाण्याचा उपाय: बेताने हालचाल

बैलाचा पाय मुरगळला तर त्याला काही दिवस गोठ्यात ठेवतात. बरा झाल्यावरही चार महिने खुंट्याला बांधून ठेवला तर तो जू घ्यायला कचरतो. माणसाचेही असेच आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही जो पडून राहतो त्याची ताकद जाते. मग दहा पावलांत दम लागतो आणि तो दम पाहून भीती आणखी वाढते. हे चक्र चालण्याने तुटते.

सुरुवातीस घराभोवती पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोन वेळा सपाटीवर चालावे. दर आठवड्याला थोडी थोडी वाढ करून हळूहळू अर्ध्या तासापर्यंत यावे व आठवड्यातून निदान पाच दिवस चालावे. चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे असे समजावे. जेवणानंतर लगेच चालू नये. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे तेलंगणातील सर्वांत कडक थंडी पडते, आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून त्या दिवसांत ऊन पडल्यावर, कान-छाती झाकून निघावे. मे महिन्यात मात्र ऊन चढण्यापूर्वी परत यावे.

शेतकामाचा क्रम साधारण असा ठेवावा. प्रत्येकाचे हृदय किती दुबळे झाले आहे ते वेगळे असते, म्हणून पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

1. पहिले दोन-तीन आठवडे: भाजी निवडणे, बियाणे साफ करणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, हिशेबाची वही पाहणे.

2. त्यानंतर: बांधापर्यंत चालत जाऊन पीक पाहणे, मजुरांना काम सांगणे, सावलीत बसून थोडी वेचणी.

3. सहा ते आठ आठवड्यांनंतर, तपासणी करून: हलकी निंदणी, जनावरांना चारा-पाणी.

4. सर्वांत शेवटी: वखर, नांगर, कापसाचे गठ्ठे उचलणे, फवारणी. सोळा लिटरचा पंप भरला की पाठीवर सोळा किलोंहून अधिक वजन येते, हे विसरू नये.

बायपास झालेल्यांनी अधिक जपावे. छातीचे हाड सांधायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर भरलेली घागर उचलू नये, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये आणि विहिरीचा दोर ओढू नये.

आपल्या देशातील 24 इस्पितळांत 3,959 रोग्यांवर एक मोठा अभ्यास झाला व तो 2020 साली प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर काही रोग्यांना साधी आसने, श्वासाचे व्यायाम, विश्रांतीची पद्धत व राहणीविषयी मार्गदर्शन दिले गेले. मृत्यू व पुन्हा येणारे झटके यांत स्पष्ट फरक दिसला नाही, पण या रोग्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटू लागली व ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, ही आपल्यासारख्यांना दिलासा देणारी गोष्ट आहे.

पती-पत्नीच्या संबंधाविषयी कोणी उघड विचारत नाही, पण मनात धास्ती असतेच. सर्वसाधारण नियम असा की, दोन मजले जिना चढून छातीत दुखत नसेल व दम लागत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ववत जीवन सुरू करता येते. मात्र ताकदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या स्वतःहून कधीही घेऊ नयेत. छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीबरोबर त्या जीवघेण्या ठरू शकतात.

गोळ्या का सुटतात?

बरे वाटू लागले की गोळी सुटते. गोळ्या संपतात नेमक्या वेचणीच्या ऐन हंगामात, आणि शहरात जायला वेळ नसतो. कोणी पाहुणा सांगतो, "इतक्या गोळ्यांनी किडनी जाते." कोणी जडीबुटी देतो. उदास माणूस तर म्हणतो, "घेऊन तरी काय होणार?"

स्टेंट बसवलेल्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे: रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, बहुधा दोन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत एक दिवसही चुकवू नयेत. ही मुदत पुष्कळदा वर्षाची असते व त्यानंतरही एक गोळी चालू राहते. त्या मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन मृत्यू येऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे. नाडी संथ ठेवणाऱ्या काही गोळ्यांनी थकवा वाटतो. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे, ते मात्रा बदलतील. आपण होऊन बंद करू नये.

सोय अशी करावी. गोळ्यांची डबी जेवणाच्या जागी ठेवावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज खूण करावी. पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणायचा दिवस ठरवावा. घरातील एका व्यक्तीने, शाळकरी नातवानेही चालेल, आठवण करून देण्याचे काम घ्यावे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने देशातील 14 इस्पितळांत असाच प्रयोग झाला व 2016 साली प्रसिद्ध झाला. साध्या आरोग्यसेवकांनी रोग्यांना वेळोवेळी भेटून समजावले, तेव्हा वर्षाअखेर नेमाने गोळ्या घेणारे 97 टक्के होते. ज्यांना अशी भेट नव्हती त्यांच्यात 92 टक्के. तंबाखू व दारू सोडण्यातही फरक दिसला. आपल्या गावात आशाताई आहेत, महिला मंडळ आहे. असे भेटणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

तंबाखू, दारू आणि ताट

बिडी-सिगारेट सोडणाऱ्या हृदयरोग्यांत मृत्यूचे प्रमाण, न सोडणाऱ्यांच्या मानाने, सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. इतका लाभ देणाऱ्या गोळ्याही थोड्याच आहेत. खर्रा, गुटखा व तपकीर यांनाही सूट नाही. पहिले दोन आठवडे चिडचिड होते, डोके दुखते, झोप येत नाही. ही तलफ लाटेसारखी येते व काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चावावी, उठून फेरी मारावी. घरातील इतरांनीही त्याच्यासमोर पुडी काढू नये. मोहाची दारू किंवा गुडुंबा "झोपेसाठी" घेणे तर दुहेरी घातक आहे. त्याने उदासी वाढते व हृदयही दुबळे होते. रोज पिणाऱ्याने मात्र ती एकदम न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, अंबाडी, फळ असावे. तेल, तूप व चरबीचे मटण कमी करावे. लोणचे, पापड व मिठाचा ठेचा यांवर हात आवरावा. वेगळा स्वयंपाक करून रोग्याला एकटे पाडण्यापेक्षा सर्वांनीच तसे जेवावे. ते सर्वांच्याच हिताचे आहे.

घरच्यांनी काय करावे?

अतिकाळजीही बाधते. "बाबा, तुम्ही उठू नका", "बाबांना सांगू नका, धक्का बसेल" असे दिवसभर कानावर पडले की माणसाला आपण जिवंत असून नसल्यासारखे वाटते. पिकाचा भाव, मुलीचे स्थळ, बियाण्याची निवड यांत त्याचा सल्ला घ्यावा. त्याला जमेल असे एक काम त्याच्याच नावावर असावे. तो बोलू लागला तर "असले विचार करू नका" म्हणून तोंड बंद करू नये, ऐकून घ्यावे. सेवा करणाऱ्या घरधनिणीचीही झोप व जेवण पाहावे. तिची धास्ती कमी नसते. आणि झटका आलेली व्यक्ती स्त्री असेल तर तिला विश्रांती मिळते का, हे आधी पाहावे. पुरुषाला खाट मिळते, तिला आठव्या दिवशी चूल मिळते, असे पुष्कळ घरांत घडते.

कर्जाचा भार हे आपल्या कापूस भागातील मोठे दुखणे आहे. 2007 साली सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे व तेलंगणात डिसेंबर 2023 पासून तिची मर्यादा दहा लाख रुपये झाली आहे. तरी जाणे-येणे, बुडालेली मजुरी, सावकाराचे व्याज उरतेच. हा हिशेब रोग्यापासून लपवू नये. कुटुंबाने एकत्र बसून कागदावर मांडावा. अंधारात वाढलेला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

रोगी "मी गेलो तर बरे" असे म्हणू लागला, वस्तू वाटू लागला, तर ते बोलणे हलके घेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत व त्याला डॉक्टरांकडे न्यावे. आदिलाबादच्या रिम्ससारख्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात मनाच्या आजारावर उपचार होतात. हृदयरोग्याला चालतील अशी औषधेही आहेत. 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे व मराठी, तेलुगू या भाषांतही बोलता येते.

हे मात्र मनाचे समजू नये

छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटून ते विश्रांतीने पाच मिनिटांत जात नसेल, दुखणे डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जात असेल, थंड घाम, धाप, चक्कर असेल, तर ती भीती आहे की गॅस याची चर्चा करीत बसू नये. स्त्रियांत व मधुमेह असलेल्यांत कधी नुसतीच धाप किंवा घाम येतो. रोग्याला बसवावे, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवावी व लगेच 108 ला फोन करावा. दवाखान्यात जाऊन काही नाही निघाले तर आनंदाने घरी यावे.

आपल्या धर्मग्रामात असा रोगी असेल त्याच्याकडे या आठवड्यात कोणीतरी जावे. जाताना कोणाचा झटका कसा प्राणावर बेतला याच्या गोष्टी नेऊ नयेत. "चला, बांधापर्यंत जाऊन येऊ" एवढे म्हणावे, आणि त्याच्या चालीने चालावे.